लास्ट मॅनची जागा

माझ्या नवऱ्याला लोकांच्या मर्सिडीजचा हेवा वाटत नाही. त्याच्याबरोबर पुण्याहून आलेल्या एका डॉक्टरने समुद्राकाठी भलंमोठं घर घेतलं, तेव्हा मकरंदने त्याच्या वास्तुशांतीला दोनदा श्रीखंड मागून घेतलं आणि घरी येऊन ढाराढूर झोपला. मी मात्र आठवडाभर धुमसत होते. हेवा करणं हे आमच्या घरात माझं खातं, त्याचं नव्हे, असं सगळे धरूनच चालले होते. गेल्या उन्हाळ्यात हा समज पार मोडीत निघाला.

आम्ही डब्लिनच्या दक्षिणेला, टॅलात राहतो. मकरंद एका सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे, कन्सल्टंट. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. नवऱ्याच्या व्हिसावर शेपटासारखी आले होते, पण आता अर्ध्या टॅलातल्या नव्या भारतीयांना मी राऊंडअबाउट शिकवला आहे. हे मी उगाच नाही सांगत. राऊंडअबाउटवर माणसाचा खरा स्वभाव कळतो. कोण घुसतो, कोण थांबतो, कोण दुसऱ्याच्या गाडीकडे बघत आपली लेन विसरतो, ते सगळं मला शेजारच्या सीटवरून दिसतं. मकरंद मात्र इतका शांतपणे चालवतो की शेजारी बसून मला जांभया येतात.

मूळचा तो खडकीचा. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आणि त्यांच्या गल्लीत पोराच्या हातात बॅट यायच्या आधी हॉकी स्टिक यायची. मेडिकल कॉलेजात गेल्यावर बाकीचं सगळं सुटलं, हॉकी सुटली नाही. आयर्लंडला आल्यावर मात्र तीही सुटली, कारण इथली पहिली वर्षं सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्यांत गेली. आज स्लायगो, उद्या कॉर्क, परवा टलमोर. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, भांडी लावून होतात न होतात, तोच खोकी बांधायची. प्रत्येक ठिकाणी तो कुणाच्या तरी जागी तात्पुरता आलेला असायचा. तक्रार करायचा नाही, पण रात्री झोपेत दात खायचा.

टॅलात पक्की नोकरी लागली, आणि त्याच महिन्यात त्याने ग्लेनडॉडर हॉकी क्लब शोधून काढला. क्लबच्या तिसऱ्या टीममध्ये त्याला जागा मिळाली ती लास्ट मॅनची. म्हणजे गोलकीपरच्या पुढे आणि बाकी सगळ्यांच्या मागे उभा राहणारा. त्याला समोरचं अख्खं मैदान दिसतं, म्हणून पुढच्या डिफेंडरना ओरडून ओरडून हलवायचं काम त्याचं. घरी 'मीठ दे' हेसुद्धा खुणेने सांगणारा हा माणूस तिथे असा काही गरजायचा, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मागून दुसराच कुणी ओरडतोय. तेव्हापासून त्याचं दात खाणं थांबलं. मला त्या जागेचा हेवा वाटायचा, सांगूनच टाकते. जे लग्नाला इतकी वर्षं होऊन मला जमलं नाही, ते गवतसुद्धा नसलेल्या त्या प्लास्टिकच्या मैदानाने करून दाखवलं होतं.

तर गेल्या मोसमात ही तिसरी टीम चक्क वरच्या गटात चढली, आणि तिथेच पंचाईत झाली. वरच्या गटात पळणारी पोरं जास्त. त्यात आमचा एक डिफेंडर ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि दुसऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कॅप्टन डेक्लन, जो एरवी शाळेत भूगोल शिकवतो, तो ऑगस्टमध्ये कुठल्याच क्लबशी न बांधलेले खेळाडू हुडकायला लागला. याला फ्री एजंट म्हणतात. मोठ्या क्लबांत त्यांच्यामागे पैशांच्या थैल्या घेऊन लोक फिरतात. आमच्या क्लबात त्याला सामन्यानंतर सॉसेज आणि चिप्स मिळतात, आणि वर्गणी त्याची त्यानेच भरायची असते. "डिफेन्समधलं तुला कळतं, कुणाला घ्यायचं ते आपण दोघं ठरवू," असं डेक्लन मकरंदला म्हणाला. मकरंद खूश. एक डच इंजिनिअर येऊन गेला. ऊन असेल तेव्हाच खेळेन म्हणाला. आयर्लंडमध्ये म्हणजे कधीच नाही.

त्याच सुमाराला मकरंदच्या हाताखाली केदार नावाचा नवा डॉक्टर आला होता. पिंपरीचा, लग्न न झालेला, क्लोनडॉकिनला दोघा मल्याळी डॉक्टरांबरोबर राहणारा. गाडी शिकायला माझ्याकडेच येत होता. मला पहिल्या दिवशी मॅडम म्हणाला, दुसऱ्या दिवशी वहिनी. मकरंदला मात्र सर म्हणजे सर. ऑपरेशन थिएटरमधल्या आयरिश नर्सेस मकरंदला मॅक म्हणतात, शिकाऊ आयरिश डॉक्टरही मॅकच म्हणतात. इतक्या वर्षांनी कुणीतरी मराठी तोंडाने अदबीने 'सर' म्हणतंय म्हटल्यावर माझ्या नवऱ्याला आतून किती गार वाटत होतं, ते मला दिसत होतं. म्हणूनच त्याने त्याला घरी जेवायला बोलावलं.

केदार आला, आणि बूट काढताना दाराशी ठेवलेली स्टिक त्याने सहज उचलली. शेजारी चेंडू पडला होता. तो त्याने स्टिकच्या कडेवर घेतला आणि बोलता बोलता उडवत राहिला, तसाच उडवत जेवणाच्या टेबलापर्यंत आला. चेंडू एकदाही खाली पडला नाही. मी मसालेभात वाढत होते. वर पाहिलं तर मकरंदचा चेहरा, दुसऱ्याने आपल्या टूथब्रशने दात घासताना बघावं, तसा झाला होता.

"सर, तुम्ही हॉकी खेळता? सांगितलंच नाहीत! मी युनिव्हर्सिटीकडून खेळायचो. डिफेन्सला."

"हो का? बरं बरं. भात घे," मकरंद म्हणाला.

विषय तिथेच पुरला गेला असता. पण आमची मुलगी स्वरांगी, जिला मराठी सगळं कळतं आणि बोलायची वेळ आली की जी टॅलाची होते, ती म्हणाली, "बट डॅड, यू नीड अ डिफेंडर! साइन हिम!"

केदारचे डोळे लकाकले. मकरंदला घास गिळून हो म्हणावं लागलं. केदार गेल्यावर ताटं धुताना मी म्हटलं, "चांगला मुलगा आहे." तर हा म्हणाला, "चेंडू उडवणं वेगळं आणि डिफेन्स वेगळा. सर्कशीतलं अस्वलही उडवतं." दुसऱ्याबद्दल इतकं कडू बोललेलं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी स्वरांगीकडे बघितलं. ती खांदे उडवून म्हणाली, "डॅड'ज ग्रँड, ममा. ही'ज जस्ट जेलस." ग्रँड म्हणजे इथे नुसतं ठीक.

पुढे तर कळसच झाला. केदार ऑपरेशन थिएटरमध्ये औषध भरताना सावकाश भरतो, हे मकरंदला खुपायला लागलं. त्याचं हसणं खुपायला लागलं. मी म्हटलं की तो क्लच छान सोडतो, तर "तुझे सगळेच विद्यार्थी छान असतात," म्हणून पेपरात डोकं घातलं. संध्याकाळी मागच्या अंगणात एकटाच पळायला लागला, पोटरीला तेल चोळायला लागला. वय चाळिशी ओलांडून बरंच पुढे गेलेलं, आणि माणूस आरशासमोर पोट आत घेऊन उभा. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. कारण मला ठाऊक होतं, की हे चिडणं हॉकीचं नव्हतं. या देशात इतकी वर्षं राहून एवढी एकच जागा होती, जिथे तो कुणाच्या बदली आलेला नव्हता. आणि आता त्याच्या बदली कुणीतरी येऊन ठेपलं होतं.

पहिला सराव सामना क्लोनडॉकिनच्याच एका टीमशी होता. डेक्लनने 'जरा बघू तरी' म्हणत केदारला लास्ट मॅन केलं आणि मकरंदला त्याच्या पुढे डावीकडे उभं केलं. मकरंदने मान हलवली, पण स्टिक अशी आपटली की मला बाहेर ऐकू आली. मी आमच्या गोलच्या मागे जाळीला टेकून उभी होते.

केदार सुरेख खेळला. पाय हरणासारखे, डोकं शांत. पण तोंडातून शब्द नाही. मिठाची गुळणी धरल्यासारखा. मग ते झालं. मकरंद चेंडूमागे फार पुढे गेला, आणि त्याच्या पाठीमागून समोरच्या टीमचा एक पोरगा मोकळ्या जागेत सरकला. केदारला ते दिसलं. त्याने हात वर केला, तोंड उघडलं, आणि जाळीपाशी उभ्या असलेल्या मला तेवढं ऐकू आलं:

"सर... सर, जरा मागे येता का, प्लीज?"

'प्लीज' म्हणून होईपर्यंत चेंडू गोलमध्ये होता.

असा गोल त्या दिवशी एकदा नाही, पुन्हा पुन्हा झाला. प्रत्येक वेळी डाव्या बाजूने, मकरंदच्या मागून. उजवीकडे कॉल्म नावाचा एक दांडगा पोरगा होता. त्यालाही केदार हाक मारीना, कारण मध्ये सर उभे. वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने बोलू नये, हे आपण पोरांच्या हाडात भरवतो. मग ते मैदानात उतरताना काढून ठेवता येत नाही.

सामन्यानंतर क्लबहाऊसमध्ये सॉसेज खाताना डेक्लनने मकरंदला बाजूला घेतलं. "मग, काय वाटतं यूअर मॅनबद्दल?" म्हणजे केदारबद्दल.

"पाय चांगले आहेत. स्टिकही चांगली," मकरंद म्हणाला. "पण तो बोलत नाही. लास्ट मॅन मुका असून कसं चालेल?"

यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. डेक्लन हिरमुसला. म्हणाला, "पुढच्या शनिवारी अजून एकदा बघू, मग काय ते ठरवू. क्लोनडॉकिनवालेही त्याच्या मागे लागलेत."

त्या आठवड्यात केदार गाडी शिकायला आला. राऊंडअबाउट पूर्ण रिकामा, आणि हा थांबून राहिला. मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला. मी म्हटलं, "जा की रे, तुझाच रस्ता आहे."

गाडी पलीकडे निघाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, डेक्लनकडून कळलं. सर म्हणाले ते बरोबर आहे. मी बोलत नाही."

"पिंपरीतही मुकाच होतास?"

तो हसला. "पिंपरीत माझ्या ओरडण्याची शेजारच्या शाळेने तक्रार केली होती."

"मग इथे काय झालं?"

"वहिनी, सोमवारी सकाळी सरांसमोर उभं राहून पेशंटच्या घशात नळी घालायची असते. आणि शनिवारी त्यांनाच 'ए, मागे ये' म्हणू? नुसतं 'मकरंद' म्हणू? माझ्या बाबांना कळलं तर विमानाने येऊन मारतील."

"मग क्लोनडॉकिनकडून खेळ. तिथे तुला कुणी सर नाही."

"त्यांनी विचारलंय. पण आधी सरांनी बोलावलं ना. सरांना सोडून कसा जाऊ?"

आता याला काय म्हणायचं! मी त्या रात्री मकरंदला गाठलंच. म्हटलं, "तो तुझ्यामुळे गप्प आहे, आणि तूच सगळ्यांना सांगतोस की तो गप्प आहे. लाज नाही वाटत?"

"मी कुठे सांगितलं सर म्हण म्हणून?"

"म्हणू नको, असं तरी कुठे सांगितलंस? आवडतं तुला ते."

"खेळात कसला आलाय सर! बोलायचं असेल तर बोलावं माणसाने."

"हे त्याला जाऊन सांग."

त्याने दिवा घालवला. रात्री पुष्कळ दिवसांनी मला त्याच्या दात खाण्याचा आवाज आला. मग मात्र माझा राग जरा उतरला. जळणाऱ्या माणसाला आधी स्वतःलाच चटका बसतो, हे मला अनुभवाने माहीत आहे.

दुसरा सामना आमच्याच मैदानावर होता. वारा असा की गोलची जाळी शिडासारखी फुगलेली. रचना तीच, मागे केदार आणि त्याच्या पुढे डावीकडे मकरंद. मकरंद पहिल्यापासून जीव तोडून पळत होता, गरज नसताना पळत होता. एका क्षणी तो असाच पुढे गेला, मागची जागा मोकळी सुटली, तिथून एक पोरगा घुसला आणि गोल. आमचा गोलकीपर केदारवर खेकसला, "अरे, तुला जीभ आहे का नाही?"

केदार लाल झाला. मग तो धापा टाकत उभ्या असलेल्या मकरंदजवळ गेला आणि म्हणाला, "सॉरी सर. माझी चूक."

चूक नखशिखांत मकरंदची होती. मैदानावरच्या शेंबड्या पोरालाही ते दिसलं असतं. मकरंदने केदारकडे पाहिलं. त्याने डेक्लनला हात करून पोटरी दाखवली आणि बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसला. त्याच्या जागी दुसरा पोरगा आत गेला.

मी वाकून पाहिलं. "काय झालं पोटरीला?"

"काही नाही."

"मग बाहेर का आलास?"

"बघू दे मला," तो म्हणाला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग समोरची टीम चेंडू घेऊन आमच्या उजव्या बाजूने आली. कॉल्म भलतीकडेच तोंड करून उभा होता. आणि माझ्या कानठळ्या बसल्या.

"कॉल्म! राइट! राइट! अरे ए गाढवा, मागं ये की! डोळे काय खिशात ठेवलेस काय!"

कॉल्म दचकून मागे पळाला आणि त्याने चेंडू अडवला. त्यानंतर केदार थांबलाच नाही. इंग्रजीत सुरू करायचा, चेंडू जवळ आला की मराठीत घसरायचा. कुणाला शहाण्या म्हणाला, कुणाला ठोंब्या, गोलकीपरला तर असलं काही म्हणाला की मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी मराठी आहे का म्हणून. आणि ती सगळी आयरिश पोरं निमूटपणे त्याच्या आवाजासरशी हलत होती. पुन्हा एकही गोल झाला नाही.

मी मकरंदकडे चोरून बघत होते. त्याचे ओठ हलत होते. केदार ओरडायच्या क्षणभर आधी तोच शब्द हा इथे पुटपुटत होता, आणि मग मैदानातून मोठ्याने ऐकू आला की गप्प होत होता. हेवा म्हणजे काय ते मला वाटत होतं मला कळतं. मला काही कळत नव्हतं.

सामना संपल्यावर डेक्लन आमच्याकडे धावत आला. "तू तर म्हणालास हा मुका आहे! मला वाटलं याचं तोंड बंद करायला आता भुलीचं औषध लागेल!"

"त्याला घे," मकरंद म्हणाला. "आजच नोंदव. लास्ट मॅन म्हणून."

"ग्रँड! आणि तू त्याच्या पुढे डावीकडे."

"नाही. मी चौथ्या टीमकडून खेळेन."

"पण का?"

"मी मैदानात असलो की तो बोलणार नाही. हॉस्पिटलात मी त्याचा साहेब आहे."

डेक्लनला ते काही केल्या कळेना. तो म्हणाला, "मग काय झालं? माझा बाप चौथ्या टीमचा गोलकीपर आहे, मी त्याला तोंडावर शिव्या घालतो!"

"तुझं नशीब," मकरंद म्हणाला. "तुझ्या बापाचंही."

तेवढ्यात केदार आला, घामाने निथळत, चेहरा फुललेला. मकरंदला बघताच आवाज एकदम खाली. "सर, पाय कसा आहे? फार दुखतंय का?" मकरंदने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "चांगला खेळलास," म्हणाला आणि बूट सोडायला वाकला. तिथे तो बराच वेळ वाकून होता.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. टीममधली जागा त्याने स्वतःहून सोडली होती. मला वाटलं, आता कौतुकाचे दोन शब्द बोलावेत. पण त्याचा चेहरा मोठं मन केलेल्या माणसाचा नव्हता. तो अजूनही जळत होता, खिडकीबाहेर बघत, दात आवळून. मी विचारलं, "जागेचं वाईट वाटतंय?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. "कॉल्मला काय काय बोलला, ऐकलंस?"

"ऐकलं की. गाढव म्हणाला."

"डोळे खिशात ठेवलेस काय, म्हणाला."

"हो."

"त्या कॉल्मला एक अक्षर कळलं नाही गं," मकरंद म्हणाला. "मला सगळं कळलं असतं."